लाल दिसलं म्हणून कोयता घेऊन धावू नका

वाचक विचारतात : झाडझाडोरा

मागच्या अंकात घाणेरी, रानमोडी, गाजर गवत अशा परदेशातून येऊन इथे बस्तान बसवलेल्या झाडांविषयी लिहिलं. त्यावर आलेली पत्रं जवळजवळ सगळी नकाशांबद्दल आहेत. 'हे झाड पुढे कुठे पसरेल' असे रंगीत नकाशे हल्ली कॉलेजातली मुलं संगणकावर काढतात आणि ते गावापर्यंत पोचतात. पोचावेतच. पण नकाशासोबत तो वाचायचा कसा हे सांगणारं कुणी येत नाही. म्हणून या वेळी तीच पत्रं घेतली आहेत. काहींनी नाव छापू नका असं कळवलंय, तेव्हा कुणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. कराडच्या एका कॉलेजची मुलगी प्रबंधासाठी आमच्याकडे येऊन गेली. जाताना तिने घाणेरीचा नकाशा दिला. आमच्या डोंगरावरचं जंगल त्यात लालभडक आहे, 'अतिशय अनुकूल' म्हणून. प्रत्यक्षात तिथे घाणेरी नावाला आहे. उलट गावाच्या खालच्या अंगाला, रस्त्याकडेला आणि पडीक शेतांत माणूस शिरणार नाही इतकी दाटलीय, आणि तो भाग नकाशात पिवळा. आमच्या वन समितीकडे साफसफाईसाठी थोडे पैसे आहेत. नकाशा चुकलाय का? आणि चुकला नसेल तर पैसे लाल भागात घालायचे का?
— समिती सदस्य, ढेबेवाडी खोरे, ता. पाटण

उत्तर : अहो, नकाशा चुकलेला नाही. तुम्ही त्याला जे विचारताय ते सांगायला तो काढलेलाच नाही.

त्या मुलीने काय केलं असेल ते सांगते. घाणेरी जिथे जिथे सापडली त्या जागांचे अक्षांश-रेखांश तिने गोळा केले. मग वर्ल्डक्लिम नावाच्या फुकट मिळणाऱ्या संचातून पावसाचे आणि तापमानाचे थर घेतले : वर्षाचा एकूण पाऊस, सगळ्यात कोरड्या महिन्यातला पाऊस, सगळ्यात थंड महिन्याचं किमान तापमान, असे एकूण १९. हे सगळं मॅक्सएंट नावाच्या सॉफ्टवेअरला दिलं. २००६ मध्ये त्याची रीत शास्त्रीय नियतकालिकात सविस्तर छापून आली आणि तेव्हापासून जगभर ते वापरात आहे. घाणेरीच्या जागांच्या हवामानात काय साम्य आहे आणि तसंच हवामान आणखी कुठे आहे, एवढंच ते शोधतं. जिथे तसं सापडतं तिथे लाल रंग. पत्रिकेत छत्तीस गुण जुळले म्हणून लग्न लागलं असं होत नाही, तसंच हे आहे. लाल म्हणजे हवामान जुळलं. बी तिथवर पोचलं का, पोचल्यावर त्याला उजेड मिळाला का, यातलं काही त्या रंगात नाही.

मग पिवळ्या भागात दाट घाणेरी कशी? एक कारण चौकटीच्या आकारात आहे. या थरांतली सगळ्यात बारीक चौकटसुद्धा आपल्या अक्षांशावर साधारण ८२ हेक्टरांची असते, म्हणजे सुमारे २०० एकर. तुमच्या खोऱ्यात २०० एकरांत काय काय येतं ते आठवा. खाली नदीकाठचा ऊस, मग रस्ता, पडीक, चढ, वर कडा. या सगळ्याला मिळून एकच पाऊस आणि एकच तापमान लावलेलं असतं. त्यातही सातारा जिल्हा म्हणजे पावसाच्या नकाशाची परीक्षाच. महाबळेश्वराला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि म्हसवडकडे जेमतेम ५००, मधलं अंतर फार तर सव्वाशे किलोमीटर. त्यातला बहुतेक पाऊस तर घाट उतरून वाईला येईपर्यंतच आटोपतो. पर्जन्यमापक मोजक्या ठिकाणी, मधल्या चौकटींचा पाऊस गणिताने भरलेला. तुमचं खोरं नेमकं त्या उतरणीवर आहे, तेव्हा लाल-पिवळ्याची रेघ डोंगरावर दोन-तीन किलोमीटर इकडेतिकडे सरकली तर नवल नको.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. घाणेरीला ऊन लागतं. दाट सावलीत ती जगते, पण फुलत-फळत नाही, खुरटून राहते. ऊन कुठे मिळतं? रस्त्याच्या कडेला, तोडलेल्या जागी, गुरांनी उघड्या केलेल्या वाटेवर, पडीक शेतात, वणवा लागून गेलेल्या उतारावर. कुऱ्हाड, जेसीबी आणि काडेपेटी यांचा थर त्या १९ थरांत नाही. म्हणून गावाजवळचं रान नकाशाला दिसलं नाही. तुमच्या डोंगरावर अजून मोठ्या झाडांचं छत्र शाबूत आहे, घाणेरी नावाला आहे ती त्यामुळे. छत्र मोडलं तर हवामान तिच्या बाजूने आहेच. लाल रंगाचा तुमच्यापुरता अर्थ हा.

वणव्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगर पेटवायची खोड आहे. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन टेकड्यांमध्ये बंगळूरच्या एट्री या संस्थेच्या अभ्यासकांनी घाणेरीचा बरीच वर्षं पाठपुरावा केला. त्यांनी आधी एक कल्पना मांडली होती : आगीने जागा उघडी होते, तिथे घाणेरी येते, वाळलेल्या घाणेरीमुळे पुढची आग आणखी भडकते, असं चक्र. पण तिथले सोलिगा लोक काही वेगळंच सांगत होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पूर्वी ते लवकर, पालापाचोळ्यापुरती हलकी आग लावत, त्यात घाणेरीची कोवळी रोपं मरत. ती आग सरकारने बंद केली आणि घाणेरी माजली. मला यात भांडण दिसत नाही. जानेवारीतली गुडघ्याखालची आग आणि एप्रिलमधला कड्यापर्यंत चढणारा वणवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्याकडे जे लागतात ते दुसऱ्या जातीचे. म्हणून सोलिगांचं नाव घेऊन कुणी डोंगर पेटवायला निघालं तर त्याला घरी पाठवा.

आता पैसे. लाल भागात घाणेरी नावालाच आहे, तिथे सरसकट काढणार काय? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं होईल. पण म्हणून सगळे पैसे खालच्या त्या गच्च जाळीत ओतू नका. अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी १९८८ साली यावर गणित मांडून दाखवलं होतं. त्यांचा मुद्दा तुमच्या गावाला लागू करून मी साधे आकडे घालते.

समजा, गावाखाली घाणेरीचं एक मोठं बेट आहे, मध्यापासून कडेपर्यंत १०० मीटर. क्षेत्र होतं पावणेआठ एकर. आणि डोंगराकडे विखुरलेली १० लहान बेटं, प्रत्येक मध्यापासून कडेपर्यंत १० मीटर. दहांचं मिळून क्षेत्र पाऊण एकरभर. कोणीही म्हणेल, मोठं बेट आधी. पण धरून चाला की प्रत्येक बेटाची कड वर्षाला १० मीटर पुढे सरकते. दहा वर्षांनी मोठं बेट होतं ३१ एकर. आणि ती दहा पिल्लं, एकमेकांत मिसळली नाहीत तर, होतात ९४ एकर. पाऊण एकराचे चौऱ्याण्णव! वर्षाला १० मीटर हा आकडा मी उदाहरणापुरता घेतलाय, तुमच्याकडे कमी-जास्त असेल. पण निकाल त्यावर फारसा ठरत नाही. लहान बेटाच्या वाट्याला क्षेत्राच्या मानाने कड जास्त येते आणि झाड पसरतं ते कडेने.

म्हणून क्रम असा ठेवा. नकाशातला लाल भाग ही तुमची गस्तीची हद्द. त्यात फिरून सुटी बेटं शोधायची आणि ती आधी उपटायची. गस्त घालताना सगळा डोंगर पालथा घालायची गरज नाही. घाणेरीची काळी फळं बुलबुल आणि साळुंक्या खातात आणि बसल्या जागी विष्ठेतून बी टाकतात. तेव्हा एकट्या उभ्या झाडाखाली, विजेच्या तारेखाली, कुंपणाच्या रांगेत आणि ओढ्याच्या कडेने बघा. खालच्या मोठ्या बेटाला हात लावायचाच झाला तर जंगलाकडच्या बाजूने लावा, रस्त्याकडून नको. रस्त्याकडून केलेलं काम फोटोत छान दिसतं, एवढाच त्याचा फायदा.

काढायचं कसं हेही सांगते, कारण कोयत्याने छाटून पैसे वाया घालवलेले खूप पाहिलेत. छाटलेली घाणेरी पावसाळ्यात दुप्पट फांद्यांनी येते. दिल्ली विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी एक पद्धत बसवली आहे, ती चालते. खोड जमिनीत शिरतं तिथे जरा फुगीर मान असते, कोंब फुटतात ते तिथून. माती थोडी बाजूला करून त्या मानेच्या खाली, चार-पाच सेंटिमीटर खोलवर, कुदळीने मुख्य मूळ तोडायचं. पूर्ण जाळी उचलायची आणि जागच्या जागी उलटी ठेवायची, मुळं आभाळाकडे. फांद्या मातीला टेकल्या की मुळं धरतात, म्हणून उलटी. आजूबाजूची माती खणायची नाही, कारण खणली की निजलेलं बी वर येतं. फळं धरायच्या आत हे करा आणि पुढच्या दोन पावसाळ्यांच्या मजुरीचे पैसे आजच बाजूला काढून ठेवा, कारण बियांतून रोपं येणारच. हे पैसे ठेवणार नसाल तर काम सुरूच करू नका, असं मी समितीच्या सभेत येऊन सांगायला तयार आहे.

तुम्ही एकटे नाही, हेही जाता जाता. घाणेरी १८०० नंतरच्या पहिल्या दशकात कोलकात्याच्या बागेत शोभेसाठी आणली गेली. २०२० साली छापून आलेल्या एका अभ्यासात देशातल्या वाघांच्या मुलखात तिने सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर जंगलात शिरकाव केल्याचा अंदाज आहे. तुमच्या डोंगरापलीकडेच कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. तिथल्या उठलेल्या गावांच्या गावठाणात आणि जुन्या शेतांत आज गवत आहे, गवे त्यावर चरतात. तिथे घाणेरी भरली तर गव्यांनी जायचं कुठे? तुमच्या ऊसात. म्हणजे डोंगरावरची ती दहा पिल्लं हा वनखात्याइतकाच तुमचाही प्रश्न आहे.

प्रश्न : मॅडम, मी रानमोडीचं मॉडेल केलंय. एयूसी ०.९४ आला. मार्गदर्शक सर खूश आहेत, पण बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, 'आकडा फुगलेला आहे.' म्हणजे नेमकं काय? आणि २०५० सालच्या अंदाजी हवामानावरून काढलेला नकाशा प्रबंधात घालू का?
— एम.एस्सी. विद्यार्थी, सांगली

उत्तर : परीक्षक भले माणूस दिसतात, त्यांना धरून ठेव.

बाकीच्या वाचकांसाठी : मॉडेल म्हणजे वर सांगितलेलं हवामान जुळवायचं गणित. एयूसी म्हणजे काय तर, झाड असलेली एक जागा आणि नकाशावरची इतर कुठलीही एक जागा चिठ्ठी टाकून काढली, तर मॉडेल पहिलीला जास्त गुण देईल याची शक्यता. ०.५ म्हणजे नाणेफेक, १ म्हणजे कधीच न चुकणं.

आता तू 'इतर जागा' कुठून घेतल्यास? पत्रासोबतच्या नकाशावरून दिसतंय, अख्ख्या महाराष्ट्रातून. रानमोडी घाटात आणि कोकणात फोफावते. तिची जागा आणि बीडचं माळरान यांत फरक सांगायला मॉडेल कशाला हवं, एसटीचा कंडक्टरही सांगेल. नकाशाची हद्द जितकी मोठी, सोप्या प्रश्नांची संख्या तितकी जास्त, आकडा तितका चढा. शेजारशेजारच्या दोन उतारांपैकी कुठला धोक्याचा हे तुझं मॉडेल सांगू शकतं का? व्यवस्थापनाला तेच हवं असतं.

आणि तुझे बिंदू, म्हणजे रानमोडी सापडल्याच्या जागा, बघ. कोयनानगर, हेळवाक, कुंभार्ली घाट. सगळे रस्त्यावरचे. साहजिक आहे, मोटरसायकल जिथे जाते तिथेच जीपीएस जातं. पण मग मॉडेल रानमोडीचं हवामान शिकलं की डांबरी रस्त्याचं? यावर इलाज आहे. तुलनेसाठीच्या जागा नकाशाभर उधळू नकोस. त्याच रस्त्यांवर, तशाच हौशी लोकांनी नोंदवलेल्या बाकी झाडांच्या जागा घे. दोन्ही बाजूंना रस्त्याची खोट सारखी असली की ती बरीचशी कटते.

तिसरी गोष्ट चाचणीची. तू २५ टक्के बिंदू बाजूला काढून त्यांवर मॉडेल तपासलंस. पण ते बिंदू शिकवलेल्या बिंदूंपासून शंभर-दोनशे मीटरवर आहेत, एकाच चौकटीत. पाठ करून घेतलेलं गणितच पेपरात आलं तर शंभर पडणारच. त्याऐवजी तुकडे पाड. कोयनेच्या बाजूने शिकव आणि चांदोलीच्या बाजूने तपास. आकडा खाली येईल. येऊ दे, तो खरा असेल.

याहून खोल अडचण एक आहे आणि ती प्रबंधाच्या मर्यादांमध्ये स्पष्ट लिही. हे सगळं तंत्र असं धरून चालतं की झाड जिथे जिथे जगू शकतं तिथे ते एव्हाना पोचलेलं आहे. आपल्या मूळच्या झाडांना हे साधारण लागू पडतं, पसरत्या झाडाला नाही. आज जिथे रानमोडी नाही तिथे ती येऊ शकत नाही म्हणून नाही, की अजून आलेली नाही म्हणून नाही, हे मॉडेलला कळत नाही. म्हणून तिच्या मूळ घरचे, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण टोकापासून थेट अर्जेंटिनापर्यंतचे बिंदूही घेतात. ते जीबीआयएफ या जगभरच्या सजीवांच्या नोंदींच्या फुकट संग्रहावर मिळतील, मात्र नीट चाळून घे. समुद्रात पडलेले आणि वनस्पतिसंग्रहालयाच्या इमारतीवर पडलेले बिंदू मी त्यात पाहिलेत.

पसरण्याचा वेग हा आणखी वेगळाच विषय. १९५१ साली स्केलम या ब्रिटिश अभ्यासकाने मस्करॅट नावाच्या केसाळ पाणउंदराचा युरोपातला प्रसार तपासला. १९०५ च्या सुमारास प्रागजवळ सुटलेले हे प्राणी मध्य युरोपभर झाले होते. त्याने दरवर्षीच्या व्यापलेल्या क्षेत्राचं वर्गमूळ काढून सालांपुढे मांडलं, तर जवळजवळ सरळ रेघ आली. सरळ रेघ म्हणजे कडेकडेने, ठरावीक वेगाने सरकणं. झाडांच्या बाबतीत ही रेघ पुष्कळदा मध्येच वर वळते. वळली की समजायचं, लांब उड्या पडताहेत : बी ट्रकच्या टायरला लागून, मुरमातून, रोपवाटिकेच्या पिशवीतल्या मातीतून चाललंय. रानमोडीचं बी बारीक, त्याला केसांचा झुपका, वारा नेतोच. पण वारा बहुतेक बी झाडाच्या आसपासच टाकतो. या खोऱ्यातून त्या खोऱ्यात नेतात ती वाहनं. गूगल अर्थवरच्या जुन्या प्रतिमा उघडून एखाद्या मोकळ्या उतारावर ही रेघ काढून बघ, तुझ्या प्रबंधातलं ते सगळ्यात वाचनीय पान होईल. झाडांच्या छत्राखालचं मात्र यात दिसणार नाही. उपग्रहाला वरचं छत्र दिसतं, खालची रानमोडी नाही.

२०५० चा नकाशा परिशिष्टात घाल. त्यातलं उपयोगाचं एवढंच की जे आजही लाल आणि तेव्हाही लाल, तिथे गस्त कायमची. बाकी रंगांवरून कुठल्या अधिकाऱ्याने आज खड्डा खणू नये.

प्रश्न : रामराम बाई. नातीकडून लिहवून घेतोय. वेडी बाभूळ मेंढरं पसरवतात असं एका कार्यक्रमात साहेबांनी सांगितलं, नकाशावर आमच्या वाटा दाखवल्या. आता काय मेंढरं विकायची?
— मेंढपाळ, ता. आटपाडी

उत्तर : रामराम मामा. मेंढरं विकू नका, आणि साहेबांचं अर्धंच ऐका.

वेडी बाभूळ तुम्ही आणलेली नाही. १८७७ च्या सुमारास ती या देशात मुद्दाम आणली, पुढे दुष्काळी मुलखात जळणासाठी आणि माळ हिरवा दिसावा म्हणून सरकारी खात्यांनीच पेरली. बी पसरतं हे मात्र खरं. शेंग गोड, मेंढरू ती चघळतं, पण आतलं बी टणक, ते तसंच पोटातून जातं आणि लेंडीतून खतासकट पडतं. पोटात टरफल मऊ झाल्याने ते उलट लवकर उगवतं. तेव्हा मॉडेलमध्ये कळपांच्या वाटा आणि तळ घेतले यात चूक नाही. पण ओढ्याचं पाणी, रस्त्याचा मुरूम आणि गावातली गाई-म्हसरं, शेरडं घेतली का, हे साहेबांना विचारा. एकट्या मेंढपाळाला नकाशावर आणणं सोपं, कारण त्याची वाट ठरलेली.

तुमच्या हातात आहे ते एवढं : शेंगा भरडून घाला. भरडल्यावर बी फुटतं, उगवत नाही, आणि त्यातला कसही मेंढराला मिळतो. आणि शेंगांवर चरलेला कळप कुणाच्या शेतात बसवायचा असेल तर मालकाला आधी सांगा, म्हणजे पहिल्या पावसानंतर तो रोपं कोवळी असतानाच उपटेल. एक हात उंच झालेली बाभूळ उपटायला माणूस दमतो.

सगळी वेडी बाभूळ मारायची या मताची मी नाही. गावाजवळची जळणाला राहू दे, तेवढीच आयाबायांची पायपीट वाचते. पण मोकळा माळ अजून शिल्लक आहे तिथे, लांडगा आणि चंडोल आहेत तिथे, एकही रोप ठेवू नका. तो माळ मिटला तर गवत जाईल आणि गवत गेलं तर तुमची मेंढरंच आधी उपाशी मरतील. वनखात्याच्या बैठकीत हे तुम्ही बोला, ऐकतील. कुठला माळ किती वर्षांत मिटत गेला हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही आणि कुठल्याही संगणकात ते भरलेलं नाही.

प्रश्न : नकाशात कास पठार हिरवं, म्हणजे धोका कमी असं दाखवलंय. निर्धास्त राहायचं का?
— शिक्षिका, सातारा

उत्तर : नाही. कास म्हणजे जांभा दगड, त्यावर बोटभर माती, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर. पावसाळ्यात पाणथळ आणि मार्चमध्ये तवा. अशा जागी घाणेरी सहज रुजत नाही, इथवर हिरवा रंग बरोबर. २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेलं हे पठार जपलं गेलं त्यात या कातळाचा मोठा वाटा आहे. वायतुरा, सीतेची आसवं, तेरडे ही तिथली माणसं याच हलाखीला सरावलेली. ('माणसं' म्हटलं, राहू द्या.)

पण २०० एकरांच्या चौकटीला रस्त्याची कड दिसत नाही. खालून आणलेली माती आणि मुरूम कडेला पडला की तिथे कातळ उरत नाही, गाजर गवताला आयती वाफ्याची जागा मिळते. तेव्हा मुलांची सहल नेलीत तर गाडी कडेच्या मातीत उतरवू नका. आणि कळकळीची विनंती : बियांचे गोळे करून पठारावर फेकण्याचे उपक्रम करू नका. शोभेच्या कॉसमॉसचं बी तर मुळीच नको. ती भगवी-पिवळी फुलं पुण्याकडच्या टेकड्यांवर कशी माजलीत ते एकदा पावसाळ्याच्या शेवटी जाऊन बघा.

प्रश्न : गाजर गवत खाणारा मेक्सिकन भुंगा आणून सोडला तर प्रश्न सुटेल का?
— शेतकरी, ता. वाळवा

उत्तर : सुटणार नाही, हलका होईल. हा भुंगा आपल्या देशात १९८४ पासून सोडलेला आहे, बहुधा तुमच्या बांधावर आधीच असेल. पावसाळ्यात शोधा, मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असतात. पाऊस संपला की तो मातीत शिरून झोपतो आणि तुमच्या पाणभरत्या उसाच्या बांधावर गवत बारमाही उगवतं. त्याची साथ चार महिन्यांची. बाकीचे आठ महिने फुलं यायच्या आत उपटा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून. अंगावर पुरळ उठलं की माणूस पुन्हा हात लावत नाही.

प्रश्न : ताई, आमच्या बचत गटाने घाणेरीच्या काठ्यांच्या टोपल्या, खुर्च्या करायचं ठरवलंय. यातून घाणेरीही संपेल ना?
— बचत गट, ता. जावळी

उत्तर : खुर्च्या जरूर करा. काठी चिवट असते, उकळून साल काढली की वेतासारखी वळते. कर्नाटकात आदिवासी कारागीर हे काम बऱ्याच वर्षांपासून करतात. पण त्याने घाणेरी संपत नाही. तुम्हाला लागतात सरळ, अंगठ्याएवढ्या जाड काठ्या, त्या तुम्ही वरून तोडणार आणि खालून पुन्हा फुटणार. धंदा चालला तर घाणेरी टिकावी असंच गटाला वाटू लागेल, यात तुमचा दोष काही नाही.

दोन्ही साधायचं असेल तर वनखात्याकडून काढायच्या जागेची लेखी परवानगी घ्या, काठ्या घ्यायच्या त्या मुळासकट उपटलेल्या झाडांच्याच. जागा निवडताना आधी मोठी जाळी घ्या, कारण माल तिथे मिळतो. सुट्या बेटांवर माल फारसा नसतो, तिथे मजुरीच द्यावी लागते. ती ग्रामपंचायतीने द्यावी, टोपलीच्या किमतीतून निघायची नाही.